खांद्याची खूण

गुरुवारी सकाळी वेल्डिंगचं मशीन हातगाडीवर घालून मी फिटरच्या अंगणात नेलं, तेव्हा त्याची पिकअप चाकांखाली दगड लावून उभी होती आणि त्याचा बाप हातात काठी घेऊन तिच्याभोवती फिरत होता. बाप सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. फिटर पायरीवर बसला होता, डावा हात मांडीवर, उजवा नुसता लोंबत. मला बघून तो पटकन उठला आणि मशीन उतरवायला पुढं झाला, तेही डाव्याच हातानं. मी म्हटलं, राहू दे, चाकं आहेत त्याला. मशीनला चाकं नव्हती, पण बोलून गेलो.

फिटर म्हणजे बोअरमधल्या मोटारी चढवणारा-उतरवणारा. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. पाणी खाली गेलं आणि ज्याची त्याची मोटार कोरडी फिरायला लागली. मोटार आणखी खाली सोडायची तर वरून पाइप वाढवावे लागतात. वीस फुटी, लोखंडी, एकेक बावीस किलोंचा. असा हंगाम दहा वर्षांतून एकदा येतो, आणि नेमका ह्याच हंगामात फिटरचा खांदा गेलेला. चार महिन्यांपूर्वी एका बोअरवर साखळी सुटली, पाइप घसरला, आणि ह्या शहाण्यानं तो सोडून द्यायचा तर धरून ठेवला. मोटार वाचली. खांद्यातली शीर तुटली. डॉक्टर म्हणाले, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. ह्यानं विचारलं, किती दिवस? डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

आधी तो पाइप कसे चढवायचा ते मी पाहिलंय. टपावर जुना टायर टाकायचा, पाइप मधोमध धरायचा, गुडघ्यात वाकायचं आणि एका झोक्यात वर. सोळा पाइप दहा मिनिटांत. हाताखालचा गडी नुसता बघत उभा राहायचा. तो गडी आता शहरात गेला होता आणि दुसरा मिळत नव्हता, कारण हात-पाय धड असलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या बोअरवर अडकलेला. म्हणून रॅक.

रॅकची कल्पना मिस्त्रींची. एक चौकट पुढं टपाच्या वर, एक मागं गाडीच्या शेवटाला, आणि मागच्या चौकटीवर फिरता रूळ. पाइपचं एक टोक रुळावर टेकवायचं, मग मागं जाऊन दुसरं टोक उचलायचं आणि ढकलायचं. पाइप आपसूक वर सरकतो. शेवटचा हातभर राहिला की पाइपखाली खांदा द्यायचा आणि रेटायचं, म्हणजे त्याचं शेपूट रुळामागच्या चॅनेलमध्ये, म्हणजे लोखंडी खाचेत, बसतं. एकट्या माणसाचं काम. सगळा खेळ मागच्या रुळाच्या उंचीचा. रूळ खांद्याला आला पाहिजे. वर गेला तर पाइप हातांवर तोलावा लागतो. खाली आला तर चढ वाढतो आणि ढकलायला जड जातं.

"मागचा रूळ माझ्या खांद्याएवढा करा, बाबा," फिटर म्हणाला.

मिस्त्रींनी काठी उभी केली. ही काठी मी लहानपणापासून बघतोय. टेप त्यांनी आयुष्यात वापरला नाही. टेप लोखंडाचं माप सांगतो, माणसाचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पुरुषभर उंचीच्या सागाच्या काठीवर त्यांनी घरातल्या माणसांच्या खुणा कोरून ठेवल्या होत्या. सुनेच्या कमरेची खूण ओट्यासाठी, स्वतःच्या गुडघ्याची स्टुलासाठी, वारलेल्या बायकोच्या डोळ्यांची आरशासाठी. आणि वरच्या बाजूला मुलाच्या खांद्याची. फिटर पहिल्यांदा कामावर निघाला त्या वर्षी बोअरवर उभी करायच्या तिपाईचा दांडा करताना ती घेतली होती. खूण जुनी होऊन काळी पडली होती, पण बोट फिरवलं की लागायची.

माप घ्यायच्या आधी मिस्त्रींनी गाडीत सगळं सामान भरायला लावलं. साखळ्या, तिपाई, पाने, दोन जुन्या मोटारी. रिकामी गाडी वर उचललेली असते, ते माप खोटं, म्हणाले. ह्या गोष्टीत म्हातारा कुणाचं ऐकत नाही. सामान मी आणि वहिनींनी, म्हणजे फिटरच्या बायकोनं, भरलं. फिटर उभा राहून कुठं काय ठेवायचं ते सांगत होता आणि मधेच एखादा पाना उचलून आत टाकत होता, आपणही भरतोय असं दिसावं म्हणून.

मग मिस्त्रींनी काठी गाडीच्या मागं जमिनीवर टेकवली आणि गाडीला टेकवून ठेवलेल्या खांबावर काळ्या खुणेशी खडूची रेघ ओढली. फिटर शेजारीच उभा होता. मी उकिडवा बसून वेल्डिंगचे रॉड मोजत होतो, त्यामुळं मला बरोबर दिसलं. त्याचा उजवा खांदा खुणेला लागत नव्हता. चांगला तीन बोटं खाली होता. शीर तुटल्यापासून ती बाजूच उतरली होती. डोळ्यांना सवय झाल्यामुळं आमच्या लक्षात येत नव्हतं, पण काठीला काय माहीत. वहिनी हातात साखळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी रॉड पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

खरं म्हणजे दोन शब्दांचं काम होतं. फिटर, जरा काठीला टेकून उभा राहा, एवढं म्हटलं असतं की झालं. पण ते म्हणणार कोण? त्यांच्या घरात काठीवरच्या खुणेला कुणी हात लावत नाही, आणि चार महिन्यांत त्या खांद्याबद्दल चकार शब्द कुणी काढला नव्हता. बरा होतोय, एवढंच. मी तर बाहेरचा. वेल्डिंगचे टाके मारायला आलेला माणूस. मी गप्प बसलो आणि मला त्याचा राग येतो, आजही येतो.

दुपारी लोखंड कमी पडलं. पुढच्या चौकटीला भंगारातल्या फाटकाचे पाइप झाले, पण आडवे दांडे लावायला लोखंडी अँगल नव्हता. भंगारवाल्याकडं जाऊन येतो म्हणून मी उठलो, तर वहिनींनी आतून लोखंडी खाट ओढत आणली. गादी काढलेली, नुसता सांगाडा. ह्याच खाटेवर फिटर चार महिने पडून होता.

"भावजी, ह्याचा अँगल चालेल का बघा."

"वहिनी, मग हा झोपणार कुठं?"

"खाली. सगळेच झोपतात."

मी खाट उलटी केली, ग्राइंडर लावला आणि पाय कापले. चांगलं जाड लोखंड होतं, असं आता मिळत नाही. वहिनी कापलेले तुकडे एका बाजूला रचत होत्या. ठिणग्या उडत होत्या तरी मागं सरल्या नाहीत.

शुक्रवार सगळा पुढच्या चौकटीत गेला. ऊन असं की मशीनच्या हँडलला फडकं गुंडाळल्याशिवाय धरता येईना. चौकट टपाला घासू नये म्हणून मिस्त्री तिच्याखाली टायरचे तुकडे बसवत होते, पाचरीसारखे, ठोकून. बहात्तर वर्षांचा माणूस, पण हातोडी मारतो तेव्हा एकच आवाज येतो, दुसरा नाही. फिटर खालून अँगल धरायचा डाव्या हातानं आणि मी वर बसून जोडायचो. एकदा अँगल हलला आणि माझा टाका वाकडा पडला. मी शिवी दिली. देऊन गेल्यावर लक्षात आलं की त्यानं उजवा हात लावायचा प्रयत्न केला होता. तो म्हणाला, "परत मार." मी परत मारला.

जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं काढली, उकडतंय म्हणून. त्याला स्वतःला वरचं बटण लावता-काढता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी ताटाकडं. दाराच्या मागं खिळ्याला त्याच्या हाताची झोळी टांगलेली होती, धुऊन, घडी घालून. महिन्यापूर्वीच त्यानं ती काढून टाकली होती. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, ह्यानंच ठरवलं.

त्याच संध्याकाळी पाइपवाला आला. बाजारात पाइप-मोटारींचं मोठं दुकान आहे त्याचं. माणूस वाईट नाही, पण बोलण्यात गोड तेवढा आणि डोळा गाडीवर. गाडीला एक फेरी मारून, चौकट हलवून बघून म्हणाला की रॅक छान होतोय, त्यालाही असाच हवा होता. मग फिटरला बाजूला घेऊन तेच सांगितलं जे तो महिनाभर सांगत होता. गाडी मला दे, तू माझ्या काउंटरला बस, पंख्याखाली, महिन्याच्या महिन्याला पगार. फिटर म्हणाला, सोमवारनंतर बघू. सोमवारी सकाळी आठला रोपवाटिकेवर काम होतं. मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, आठला आलात तर तुम्ही, नाहीतर शहरातली टोळी बोलावते. तिची रोपं माना टाकायला लागली होती, तिचंही काही चुकत नव्हतं. आणि ते काम गेलं की आसपासची सगळी कामं टोळीकडं जाणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काउंटरवर बसलेला फिटर मला काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना. त्याची उंचीच तिथं मावली नसती.

शनिवारी मागची चौकट उभी केली. रूळ मी केला, पाइपमध्ये पाइप घालून, आत ग्रीस भरून, दोन्ही टोकांना वॉशर. बोटानं ढकलला तरी गरगर फिरायचा. स्वतःच्या कामाचं कौतुक करायची मला सवय नाही, पण तो रूळ चांगला झाला होता. चॅनेल त्याच्या मागं वीतभर अंतरावर. आता मागचे दोन खांब हौद्याच्या लोखंडी कडेला पक्के करायचे तेवढे राहिले होते. मी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि अखंड भर द्यायला लागणार, तेवढ्यात मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर काठी टेकवली.

"नुसते टाके मार. पक्कं करू नकोस."

मी काच वर केली. वीस वर्षं हे काम करतोय, आणि टाक्यांवर सोळा पाइपचं वजन रस्त्यानं न्यायचं म्हणजे काय हे मला सांगायला नको. मी तसं बोललोही, जरा मोठ्यानंच. म्हातारा म्हणाला, आधी उद्या चढवून बघू दे, मग पक्कं कर. आणि आत निघून गेला. मला वाटलं, माझ्या कामावर भरवसा नाही ह्याचा. चार-चार टाके मारले आणि पाय आपटत घरी गेलो.

रविवारी सकाळी पाइप आले. पाइपवाल्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरवरून पाठवले आणि मागून स्वतः आला, उगाच, बघायला. पाइप अंगणात आडवे टाकले. सोळा. फिटरनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. उजवी वहिनींनी केली.

पहिला पाइप. टोक उचलून रुळावर ठेवायचं, ते त्यानं डाव्या हातानं आणि गुडघ्याच्या आधारानं कसंबसं ठेवलं. मग मागं गेला, दुसरं टोक उचललं आणि ढकलायला लागला. रूळ फिरला. पाइप सुरेख वर सरकला, पुढच्या चौकटीवर टेकला, टपाच्या पुढं गेला. मला हायसं वाटलं. शेवटचा हातभर राहिला. त्यानं पाइपखाली उजवा खांदा दिला. खांदा रुळापर्यंत पोचेना, तीन बोटं कमी. त्यानं टाचा उचलल्या. मग हातानं वर रेटायला गेला, आणि हात खांद्याच्या वर गेला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी पाहिला. पाइप उलटा सरकला, त्याच्या छातीला घासून खाली आला आणि मागच्या मडगार्डवर आपटला. मडगार्ड चेपलं.

फिटरनं दुसऱ्यांदा केलं. दुसऱ्यांदाही तेच. ह्या वेळी त्यानं पाइप सोडून दिला, धरून ठेवला नाही. पाइपवाला घसा साफ करून म्हणाला की उन्हं चढायला लागली, त्याचं दुकान उघडायचंय. तरी गेला नाही.

मी पुढं झालो, पण माझ्या आधी वहिनी पुढं झाल्या. त्यांनी पदर खोचला, टोक रुळावर ठेवलं आणि मागं जाऊन ढकललं. ताकद होती. चार महिने त्याला खाटेवरून उठवत-बसवत होत्या, आणि घरचं पाणी दोन्ही हातांनी दोन आळ्यांपलीकडून आणत होत्या. पाइप वर गेला. पण शेवटी रूळ त्यांच्या कपाळाच्याही वर. हात डोक्यावर नेऊन, टाचा उचलून त्यांनी एक पाइप बसवला. दुसरा बसवला. तिसऱ्याला हात पुरले नाहीत आणि पाइप परत आला. त्या बाजूला झाल्या म्हणून वाचल्या.

"बास," फिटर म्हणाला.

तो आत गेला. पाइपवाला माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, गाडीला योग्य गिऱ्हाईक मिळणं महत्त्वाचं. मी त्याला म्हटलं, तुमचं दुकान उघडायचंय ना. मिस्त्री जोत्यावर काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. ते गाडीकडं बघतही नव्हते. दाराकडं बघत होते.

आत काही तरी पडल्याचा आवाज झाला. फिटर बाहेर आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात माझा ग्राइंडर होता, वायर मागं लोंबत. तो गाडीपाशी आला. मागच्या खांबांकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हा सगळा रॅकच कापून टाकतो. मी मनातल्या मनात म्हटलंही, काप बाबा, एक घाव दोन तुकडे, सुटू दे एकदाचं.

त्यानं ग्राइंडर खाली ठेवला. बापाकडं गेला आणि हात पुढं केला. मिस्त्रींनी काठी दिली.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "इथं ये. सरळ उभी राहा."

वहिनी गाडीच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. तळहात लाल झाले होते, ते त्यांनी लुगड्याला पुसले. फिटरनं काठी त्यांच्या शेजारी उभी केली आणि खांद्याशी बोट टेकवलं. मग उजव्या हातानं खिशातला खडू काढला. पण खडू काठीला लावायच्या आधीच थांबला. मी जवळ जाऊन बघितलं. जिथं त्याचं बोट होतं तिथंच, बरोबर तिथं, एक खूण कोरलेली होती. नवी. आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. भुसाही अजून पुरता झडला नव्हता.

फिटर वळून बापाकडं बघायला लागला. म्हातारा पायातला काटा काढायला वाकला होता, किंवा तसं दाखवत होता.

"कधी घेतलंत माप?"

"गुरुवारी. ती खाटेचे तुकडे रचत होती तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी पाय खाली ठेवला. "गाडी तुझी आहे. माप तू सांगायचं."

फिटरच्या डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही त्यानं, पुसलंही नाही. एक हात काठीला होता आणि दुसरा वर जात नव्हता. वहिनी खुणेला खांदा लावून तशाच उभ्या होत्या, कुणी हला म्हटलं नाही म्हणून. मला माझ्या टाक्यांची आठवण झाली आणि मी गुमान जाऊन ग्राइंडरची वायर जोडली.

वहिनींनी बसवलेले दोन पाइप आधी उतरवले, मग टाके सुटायला पाच मिनिटं लागली. भर दिली असती तर अर्धा दिवस गेला असता. खांब नव्या खुणेच्या मापानं कापले, पुन्हा उभे केले, आणि ह्या वेळी मी पोटभर भर दिली, दोन्ही बाजूंनी, वर पट्ट्या मारून. पाइपवाला कधी निघून गेला कळलं नाही.

चढ वाढला होता आणि पाइप ढकलायला जड जात होता, मिस्त्रींनी सांगितलं होतं तसंच. त्याला फिटरनं तोड काढली. तो गाडीत चढून मधे उभा राहिला. पाइपच्या पुढच्या टोकात दोरीचा आकडा अडकवायचा आणि डाव्या हातानं ओढायचं. वहिनी खाली रेटणार, हा वर ओढणार. पहिल्या पाइपला दोघांचं जमेना. तिनं रेटलं तेव्हा ह्यानं ओढलं नाही, ह्यानं ओढलं तेव्हा ती दम खात होती. चार पाइप झाले तशी लय सापडली. तो "हं" म्हणायचा आणि ती खांदा द्यायची. खांदा बरोबर रुळाखाली बसत होता. सोळा पाइपांना पाऊण तास लागला. खांदा धड असताना फिटर हेच दहा मिनिटांत करायचा, हे माझ्या मनात आलं, आणि त्याच्याही आलं असणार. पण सोळाच्या सोळा चढले.

सोमवारी सकाळी सहाला मी मशीन न्यायला गेलो. खरं सांगायचं तर मशीन दुपारी आणलं असतं तरी चाललं असतं. गाडी निघायच्या तयारीत होती. पाइप मधे आणि दोन्ही टोकांना आवळलेले. वहिनींनी घरातल्या कपड्यांवर फिटरचा जुना शर्ट चढवला होता, बाह्या दुमडून. म्हातारा गाडीभोवती फिरून प्रत्येक गाठ बोटानं दाबून बघत होता.

फिटर मागं येऊन वाकला, पान्यांची पेटी आत नीट सरकवली आणि ताठ उभा राहायला गेला. रूळ आता खाली होता. डोकं रुळाखालच्या आडव्या दांड्याला खालून असं आदळलं की पाइप वाजले. त्यानं डाव्या हातानं टाळू धरली आणि आईवरून एक शिवी हासडली. वहिनींना हसू आवरेना. मलाही आवरेना. त्यालाही मग हसू आलं, डोकं चोळता चोळता.

"हे आता रोजचं होणार," तो म्हणाला.

वहिनी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती झोळी होती, खिळ्यावरची, घडी घातलेली. त्यांनी घडी उलगडली आणि रुळाखालच्या त्याच आडव्या दांड्यावर, जिथं त्याचं डोकं लागलं होतं, तिथं तीन वेढे घातले आणि गाठ मारली. अंगठ्यानं दाबून बघितली. मऊ झालं होतं.

फिटर बघत होता. "ती अजून लागली असती कधी," तो म्हणाला, पण सोडायला हात पुढं केला नाही.

मग दोघं पुढं जाऊन बसले. तो चालवायला, ती शेजारी. गाडी अंगणातून हळू बाहेर पडली आणि वळणावर पाइपांची टोकं माझ्या डोक्यावरून गेली. मी वाकलो. मिस्त्री काठी घेऊन जोत्यावर बसले आणि खिशातून चाकू काढून नव्या खुणेच्या कडा साफ करायला लागले.